हरलेला गडी खेळात राहील अशी शिक्षा

वेळा अमावस्येला, म्हणजे आपल्याकडच्या येळवशीला, देवणी तालुक्यातली गावं दुपारपर्यंत ओस पडतात. मार्गशीर्षातल्या या अमावस्येला लातूर जिल्ह्यात स्थानिक सुट्टी असते, पुण्या-मुंबईला कामाला गेलेली पोरंही जमेल तशी गाव गाठतात आणि सगळं घर शेतात उतरतं. कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा होते. भज्जी, उंडे, आंबील, खीर असं पोटभर जेवण होतं. त्यानंतर दोन-तीन तास हातात काहीच काम नसतं. एका झाडाखाली आजीपासून पाच वर्षांच्या नातवापर्यंत वीस-पंचवीस माणसं बसलेली असतात. त्यात सोयरे असतात, शेजारी असतात, मुद्दाम बोलावलेले पाहुणे असतात. कुणी पत्ते काढतं, कुणी गाण्यांच्या भेंड्या लावतं, पोरं लपंडाव मांडतात. जरा वेळानं एक प्रश्न हमखास येतो: हा हरला, आता याला काय करायला लावायचं?

पुढचा सगळा खेळ या प्रश्नाच्या उत्तरावर चालतो. शिक्षा अगदीच मिळमिळीत असली तर हरण्या-जिंकण्यात काही राम राहत नाही. ती जिव्हारी लागली तर माणूस उठून जातो, आणि पुढच्या येळवशीला ‘मी नाही बाबा खेळत’ म्हणून कोपीत जाऊन पडतो. योहान हाउझिंगा या डच इतिहासकारानं १९३८ साली ‘होमो लुडेन्स’ या ग्रंथात खेळातल्या दोन अपराध्यांमधला फरक सांगितला. लबाडी करणारा निदान नियम पाळत असल्याचा देखावा तरी करतो. डाव मोडून जाणारा सगळा खेळच संपवतो. म्हणून मंडळी लबाडापेक्षा डाव मोडणाऱ्यावर जास्त चिडतात. मला यात एक भर घालावीशी वाटते. डाव मोडणारा गडी पुष्कळदा वाईट शिक्षेनं तयार केलेला असतो. शिक्षा बरी की वाईट हे पाहायला माझ्याकडे एकच कसोटी आहे: ती भोगून झाल्यावर माणूस पुन्हा डावात बसतो का?

या कसोटीवर सगळ्यात आधी नापास होते ती आपली लाडकी संगीत खुर्ची. शाळेच्या स्नेहसंमेलनात, हळदी-कुंकवात, सोसायटीच्या गणपतीत ती असतेच. दहा जण खेळायला उभे राहिले की नऊ फेऱ्या होतात. पहिल्या फेरीत बाद झालेला उरलेल्या आठही फेऱ्या कडेला उभा राहून पाहतो. पहिल्या फेरीत बाद होतं कोण? गुडघे दुखणारी मावशी, धक्काबुक्की न जमणारं लाजरं पोर, नाही तर पोटुशी सून. म्हणजे ज्यांना खेळात ओढून घ्यायचं, त्यांनाच आधी बाहेर काढणारा हा खेळ आहे. टेरी ऑर्लिक या कॅनडातल्या क्रीडा-मानसशास्त्रज्ञानं १९७८च्या आपल्या सहकारी खेळांच्या पुस्तकात याला सोपा उतारा दिला. खुर्च्या कमी करत जायच्या, माणसं मात्र सगळी ठेवायची. शेवटी दहा जणांनी एकमेकांना धरून दोन-तीन खुर्च्यांवर मावायचं. शेतात खुर्च्या नसल्या तरी रिकामी पोती असतात. पोतं घडी घालत लहान करत न्यावं आणि सगळ्यांनी त्यावर उभं राहून दाखवावं. इथं शिक्षा मिळते ती सगळ्यांना मिळून, आणि तीच या खेळाची गंमत आहे.

आपल्या जुन्या मैदानी खेळांनी ही गोष्ट फार आधी ओळखलेली दिसते. लपंडाव, शिवणापाणी, आंधळी कोशिंबीर, डबा ऐसपैस यांत हरणाऱ्यावर राज्य येतं. राज्य ही शिक्षाच, पण ती भोगणारा खेळाच्या मधोमध असतो. सगळ्यात जास्त धावपळ त्याची आणि सगळ्यांची नजरही त्याच्यावर. ती शिक्षा उतरवायची किल्लीही त्याच्याच हातात: दुसऱ्याला शिवलं की राज्य गेलं. वरून कुणी माफी द्यावी लागत नाही.

यातही एक खोट आहे. डबा ऐसपैसमध्ये लपलेल्यातल्या कुणी येऊन डबा उडवला की पकडलेले सगळे सुटतात आणि त्याच गड्यावर पुन्हा राज्य येतं. संथ पाय असलेलं पोर संध्याकाळभर त्यात अडकतं आणि शेवटी रडकुंडीला येतं. पोरांनी यावर स्वतःच उपाय काढलेले आहेत. लागोपाठ तीन राज्यं झाली की बदली, हा एक. दुसरा, टाइमप्लीज: दम लागला, चप्पल तुटली, काटा बोचला की कुणीही खेळ थांबवू शकतो. तिसरा उपाय मला सगळ्यांत मोठा वाटतो, तो म्हणजे कच्चा लिंबू. काही घरांत त्याला दूधभात म्हणतात. धाकटं भावंड सगळ्यांबरोबर पळतं, लपतं, ओरडतं. पण ते पकडलं गेलं तरी त्याच्यावर राज्य येत नाही. खेळात पूर्ण वाटा आणि शिक्षेतून सूट. मोठ्या माणसांच्या कायद्यातही वय पाहून शिक्षा ठरते. तेच तत्त्व गल्लीतली आठ-दहा वर्षांची पोरं कुणी न शिकवता लावतात. कच्चा लिंबू ठरवताना मात्र त्या पोराला खिजवायचं नाही. ‘तुला काही येत नाही म्हणून’ असं म्हटलं की सूट हीच शिक्षा होऊन बसते.

शिक्षा कुणाला, हे ठरवण्याची रीतही न्याय्य हवी. आपल्याकडे दोन रीती चालतात. एकीत गाण्याच्या ठेक्यावर एकेकाला बोट लावत मोजतात. शेवटचा ठेका ज्याच्यावर पडेल तो सुटतो किंवा अडकतो. ही रीत वाटते तितकी निष्पाप नाही. गाण्यात १२ ठेके असतील आणि पोरं ५ असतील, तर १२ला ५ने भागून २ उरतात, म्हणजे शेवटचा ठेका नेहमी दुसऱ्यावर पडणार. मोजणाऱ्याला हे उमगलं की सुरुवात कुणापासून करायची एवढं ठरवून तो हव्या त्या गड्याला सोडवू शकतो. जरा मोठ्या पोरांना हे उमगलेलं असतंच.

दुसरी रीत हात टाकून सुटण्याची. तिघं एकदम हात पुढे करतात, कुणी पालथा, कुणी उताणा. दोघांचे सारखे आणि एकाचा वेगळा आला तर वेगळा सुटतो. तीन हातांच्या आठ तऱ्हा होतात. त्यांतल्या दोनांत तिघांचेही सारखे येतात, म्हणून डाव पुन्हा टाकायचा. उरलेल्या सहांत कुणीतरी एक सुटतो आणि प्रत्येकाच्या वाट्याला दोन-दोन तऱ्हा येतात. म्हणजे तिघांना अगदी सारखी संधी. शेवटी दोघंच उरले की आधी सुटलेला एक जण आपला हात उसना देतो. नाणं लागत नाही, पंच लागत नाही. एकच अट, हात एकदम पडले पाहिजेत. जो जरा थांबून दुसऱ्याचा हात पाहून आपला टाकतो, त्याला पोरं लगेच पकडतात.

बाद झालेल्याचं काय करायचं, यावर कबड्डीच्या जुन्या जाणत्यांनीही पुष्कळ डोकं चालवलं आहे. एके काळी तिचे तीन प्रकार खेळले जात. गामिनीत बाद झालेला गडी सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेरच बसायचा. अमरमध्ये बाद झालेला बाहेर जातच नसे. समोरच्यांना गुण मिळायचा आणि गडी खेळत राहायचा. संजीवनीत बाद झालेला बाहेर जायचा, पण त्याच्या संघानं समोरचा एक गडी टिपला की जिवंत होऊन परत यायचा. पुढे आंतरराष्ट्रीय मैदानापर्यंत पोचला तो संजीवनी प्रकार. सगळा संघ बाद झाला की लोण चढतं, समोरच्यांना दोन जादा गुण मिळतात आणि सगळे गडी पुन्हा मैदानात येतात. मला हा निवाडा फार शहाणपणाचा वाटतो. गामिनीत चांगला गडी लवकर बाद झाला की त्याच्या परीनं खेळ संपलाच. अमरमध्ये बाद होण्याची भीतीच उरत नाही. संजीवनीत शिक्षा लागतेही आणि फिटतेही, आणि ती फेडायला आपलेच भिडू धावतात. झाडाखालच्या कुठल्याही खेळाला हे लावता येईल: बाद झालेल्याला त्याच्या गटानं एक कोडं सोडवून परत आणावं.

पत्त्यांत पाच-तीन-दोनची शिक्षा अशीच मापात बसवलेली आहे. तिघं गडी, तीस पानं, प्रत्येकी दहा. एकानं पाच हात करायचे, एकानं तीन, एकानं दोन, बेरीज दहा. कुणी ठरल्याहून एक हात जास्त केला, तर दुसऱ्या कुणाचा तरी एक कमी पडलेला असतोच. पुढच्या डावात जास्तवाला कमीवाल्याच्या हातातलं एक पान न बघता ओढतो आणि बदल्यात आपलं नको असलेलं पान देतो. दोन हात कमी पडले तर दोन पानं. चूक जेवढी तेवढीच शिक्षा, आणि तो डाव संपला की हिशेब पुसला. शिवाय पाच, तीन आणि दोनची जबाबदारी आळीपाळीनं फिरते, म्हणून कुणी कायमचं वरचढ राहत नाही. याउलट गोट्यांमधली एक शिक्षा बंद झाली तर बरं, असं माझं मत आहे: हरलेल्यानं मूठ जमिनीवर टेकवायची आणि जिंकलेल्यानं बोटांच्या पेरांवर गोटी हाणायची. तिथं माप राहत नाही. ज्याचा नेम आणि जोर जास्त, तो मनातला दुसराच राग काढतो. कोपरानं गोटी ढकलत गलीपर्यंत नेणं ही त्याच खेळातली दुसरी शिक्षा कितीतरी बरी. बघणारेही हसतात आणि ढकलणाराही.

आता मूळ प्रश्न. ‘काय करायला लावायचं’ हे जिंकलेल्यानं ऐनवेळी ठरवायचं म्हटलं की घोळ होतो. समोर कोण आहे हे पाहूनच तो ठरवणार. जावयाला सौम्य, साल्याला कडक; लाडक्या भाचीला गाणं, काळ्या-सावळ्या चुलत बहिणीला टोमणा. यावर उपाय जुना आहे. युरोपात घरगुती बैठकीच्या खेळांत हरलेला आपली एखादी वस्तू गहाण टाकायचा, कधी अंगठी तर कधी रुमाल. शेवटी एक जण त्या वस्तू निवाडा करणाऱ्याच्या डोक्यामागे धरायचा, आणि वस्तू कुणाची हे न बघता तो शिक्षा सांगायचा. ती केली की वस्तू परत. शिक्षा कुणाला जाणार हे ठाऊक नसेल तर माणूस आपोआप बेतानं वागतो. अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यांनी १९७१ साली न्यायाचा सगळा सिद्धांत याच पायावर उभा केला: समाजात आपली जागा कोणती असेल हे माहीत नाही असं धरून नियम ठरवा, म्हणजे ते न्याय्य होतील.

आपल्या शेतकरी घरांत हे ज्ञान वाटणीच्या वेळी वापरलं जातं. थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा. चिठ्ठ्यांची शिक्षा तशीच चालते. खेळ सुरू होण्याआधी प्रत्येकानं एक शिक्षा लिहून घडी घालून टोपलीत टाकायची. हरणारा डोळे मिटून एक उचलतो. आपली चिठ्ठी आपल्याच हातात येऊ शकते, एवढी एक जाणीव पुष्कळ काम करते. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी पोरांच्या कानात सांगून लिहून घ्यावी. आजीच्या शिक्षा बहुधा सगळ्यात कल्पक निघतात. टोपली फिरवायच्या आधी घरातल्या एका जाणत्या बाईनं चिठ्ठ्या वाचून नको त्या काढून टाकाव्यात.

बायकांच्या खेळात मात्र एक शिक्षा सगळ्यांत जुनी आणि सगळ्यांत आवडती आहे: नाव घेणं. नवरी उंबऱ्यावर आली की नणंदा दार अडवतात, नाव घेतल्याशिवाय आत सोडत नाहीत. हळदी-कुंकवात हरली की उखाणा, डोहाळजेवणात चुकली की उखाणा. २००४ साली सुरू झालेल्या झी मराठीच्या ‘होम मिनिस्टर’नं आणि गावोगावच्या पैठणीच्या खेळांनी त्याला मंचावर नेलं. शिक्षा म्हणून उखाण्यात पुष्कळ गुण आहेत. तो अर्ध्या मिनिटात संपतो. त्याला अक्षरओळख लागत नाही. साधा घेतला तरी चालतो आणि रचून घेतला तर वाहवा मिळते, म्हणजे हरणारीलाही जिंकायची वाट ठेवलेली असते. आता नवरेही घेतात, हे फारच चांगलं झालं.

पण उखाण्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे नवरा. झाडाखाली बसलेल्या बायकांत एखादी विधवा असते, एखादी नांदत नाही म्हणून माहेरी आलेली असते, एखादीचं लग्न ठरत नसतं. शेतकरी आत्महत्यांनी पोळलेल्या मराठवाड्यात ही विधवा पुष्कळदा तिशीतली असते. तिच्यावर डाव आला की सगळे गप्प होतात, किंवा तो येऊच नये म्हणून तिला आधीच बाजूला बसवलं जातं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर गावांनीही त्याचा कित्ता गिरवावा म्हणून परिपत्रक काढलं. ठराव गावानं करायचा, पण तो जगायचा अशाच दुपारी. उखाण्यात आईचं नाव घ्या, लेकीचं घ्या, शाळेतल्या बाईंचं घ्या, दारातल्या गाईचं घ्या. ज्याला त्याला हवं ते नाव, असा नियम खेळाच्या आधी सगळ्यांसाठी सांगितला की कुणा एकीसाठी तो वेगळा करावा लागत नाही, आणि तिला अवघडून बसावं लागत नाही.

काही शिक्षा गमतीच्या वाटतात आणि जिवावर बेततात. २००७ साली अमेरिकेत सॅक्रामेंटोच्या एका रेडिओ केंद्रानं लघवीला न जाता जास्तीत जास्त पाणी पिण्याची स्पर्धा ठेवली. त्यात भाग घेतलेली एक तरुण आई त्याच दिवशी मरण पावली. थोड्या वेळात खूप पाणी पोटात गेलं की रक्तातलं सोडियम पातळ होतं आणि मेंदूला सूज येते. तांब्यामागून तांब्या पाणी किंवा आंबील पाजण्याची शिक्षा म्हणून कधीच नको. तोंडात एकामागून एक लाडू, केळं, उंडे कोंबणं नको. हसताना घास श्वासनळीत अडकतो. शंभर-दोनशे उठाबशाही नकोत. सवय नसलेल्या शरीराचे स्नायू त्यानं तुटतात, त्यांतला घटक रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडांवर भार येतो. डॉक्टर त्याला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात. दहा उठाबशांनी जे हसू येतं तेच शंभरांनी येतं. विहिरीच्या काठावर, कडब्याच्या गंजीवर किंवा विजेच्या मोटारीजवळ कुठलीही शिक्षा नको, हे तर सांगायलाच नको.

देवणीची, उदगीरची पोरं नीट आणि जेईईच्या अभ्यासासाठी लातूरला खोल्या करून राहतात, पुढे वसतिगृहात जातात. तिथल्या ‘ओळखीच्या’ कार्यक्रमांत अशाच शिक्षांचा खेळ होतो. तो खेळ कुठं संपतो हे १९९९च्या महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंध कायद्यात नीट लिहिलं आहे. विद्यार्थी एरवी स्वखुशीनं करणार नाही असं काही करायला त्याला सांगणं हेसुद्धा त्यात रॅगिंग धरलं आहे, आणि शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद व दहा हजार रुपयांपर्यंत दंड. शाळेत तर २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही बंद केले आहेत. खेळाच्या तासाला त्यातून सूट नाही. एरवी स्वखुशीनं करील का, हा कायद्यातला प्रश्न घरच्या खेळालाही लावण्यासारखा आहे.

आणि मोबाईल. पूर्वी शिक्षा टाळ्या संपल्या की संपायची. आता काकाच्या नाचाचा व्हिडिओ भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जातो, तिथून सोयऱ्यांच्या, तिथून कुठंही. पंधरा वर्षांच्या मुलीला शाळेत सोमवारी तोच दाखवला जातो. एका चुकीची शिक्षा अशी महिनोन्‌महिने चालत राहते, आणि ती थांबवणं कुणाच्याच हातात उरत नाही. शिक्षेच्या वेळी फोन खिशात, एवढा एक नियम मी सगळ्यांच्या वर ठेवीन.

मग टोपलीत घालायचं काय? आपल्या भागात काही कमी नाही. देवणी गाईचे तीन प्रकार त्यांच्या खुणांसकट एका दमात सांगायचे: पूर्ण पांढरा तो बालंक्या, पांढऱ्या अंगाचा पण काळ्या तोंडाचा तो वानेरा, काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा तो शेवरा. दम तुटला की पुन्हा पहिल्यापासून. बोलावलेल्या पाहुण्याला पुढच्या डावापर्यंत हंबरूनच बोलायला लावायचं. सगळ्यांना आंबील वाढायची, पण डाव्या हातानं पळी धरून. आपल्या शेताची चतुःसीमा आजोबांसमोर न चुकता सांगायची. यात शहरातून आलेली पोरं हमखास अडकतात आणि दोन गोष्टी शिकूनही जातात. कन्नडमध्ये दहापर्यंत मोजायचं: ओंदू, एरडू, मूरू. उदगीर-निलंग्याचा हा पट्टा १९५६पर्यंत बिदर जिल्ह्यात होता, सोयरिकी अजूनही भालकी-बिदरकडे होतात. तिकडून आलेल्या सुनेला मात्र ही चिठ्ठी म्हणजे शिक्षाच नव्हे. तिनं ती उचलली तर तिनं बाकीच्यांना मोजायला शिकवायचं, आणि जो चुकेल त्यानं तिच्यासाठी पाणी आणायचं.

कुणी चिठ्ठी उघडून ‘हे मला जमणार नाही’ म्हणालं तर कारण विचारू नये. ती परत घडी घालून टोपलीत टाकू द्यावी आणि दुसरी उचलू द्यावी, प्रत्येकाला एकदा. दुसरीही नको असेल तर गटातल्या दुसऱ्या कुणी ती त्याच्या वतीनं करावी. बहुतेक वेळा कुणीतरी आपणहून उठतंच.